झावळीच्या झोक्यावरचं गाणं : संगीतकार एम. बी. श्रीनिवासन

[पडदा काळा. गाण्याची सुरुवात ऐकू येते. थोड्या वेळाने आवाज हळूहळू खाली.]

हा आवाज पी. बी. श्रीनिवास यांचा. थोड्याच वेळात त्यांच्या जोडीला एस. जानकी येतील. साल १९६०, चित्रपट 'पादै तेरियुदु पार', म्हणजे 'वाट दिसते आहे, बघ'. आणि गाणं, 'तेन्नंकीट्रु ऊंजलिले'.

नारळाच्या झावळीचा झोका, दक्षिणेकडून येणारा वारा, आणि त्या झोक्यावर आपल्या चिमणीला शोधत हिंदकळणारा एक चिमणा. गाण्याचा मुखडा एवढाच. श्रीनिवास यांचा आवाज मुळातच मऊ, खालच्या पट्टीत रमणारा, आणि इथे त्यांना कुठेही वर चढून गळ्याची ताकद दाखवावी लागत नाही. जानकी तेव्हा नव्या होत्या. 'सिंगारवेलने'सारखं नागस्वराशी जुगलबंदी करणारं गाणं त्यांच्या वाट्याला यायला अजून दोन वर्षं होती. संगीतकाराने या दोन गळ्यांना जवळजवळ मोकळं सोडलंय. वाद्यं आहेत, पण शब्दांच्या अंगावर येत नाहीत. ओळ संपली की चालीलाही जरा दम खाऊ दिलाय.

तमिळनाडूतले जुने जाणते रसिक हे गाणं अजून गुणगुणतात. पण चाल कुणाची, असं विचारलं तर अनेकांच्या तोंडून पटकन विश्वनाथन–राममूर्ती या संगीतकार जोडीचं नाव येईल, कारण त्या काळाचा सूर त्यांचाच होता. ही चाल आहे एम. बी. श्रीनिवासन यांची. मद्रासच्या स्टुडिओंमध्ये सगळे त्यांना एमबीएस म्हणत.

[दृश्य : मद्रासचे जुने रस्ते, ट्राम, भिंतीवरची चित्रपटांची पोस्टरं.]

मानामदुरै बालकृष्णन श्रीनिवासन. जन्म १९२५, आंध्रातल्या चित्तूरचा. नावातलं मानामदुरै हे तमिळनाडूतलं गाव, जिथल्या कुंभारांनी घडवलेला घटम् कर्नाटक संगीताच्या मैफलींत नावाजला जातो. एमबीएस तरुणपणीच डाव्या चळवळीत ओढले गेले. पक्षाच्या कामासाठी दिल्लीला गेले आणि तिथे ए. के. गोपालन यांचे सचिव झाले. हे तेच एकेजी, जे पहिल्या लोकसभेत विरोधी बाकांवरच्या कम्युनिस्ट खासदारांचे नेते होते. दिवसा राजकारणाची कागदपत्रं आणि संध्याकाळी इप्टाची गाणी, असे ते दिवस. उत्तर हिंदुस्थानी संगीत कानावर पडलं तेही दिल्लीतच.

इप्टा म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते, आणि ते बरोबरच आहे. या डाव्या विचारांच्या जननाट्य संघाची स्थापना १९४३ साली मुंबईतच झाली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांचे पोवाडे आणि लावण्या गिरणगावात घुमल्या त्या याच वाऱ्यात. त्या वाऱ्याने दक्षिणेत काय काय रुजवलं, याची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही. पुढे गाजलेले तमिळ संगीतकार इळैयराजा यांचे थोरले भाऊ पावलर वरदराजन हे डाव्यांच्या प्रचारसभांत गाणारे गायक होते. एमबीएसही त्याच मातीतले.

दिल्लीतच त्यांचं लग्न झालं. पत्नी जाहिदा किचलू, म्हणजे डॉ. सैफुद्दीन किचलू यांची कन्या. एप्रिल १९१९ मध्ये ज्यांच्या आणि डॉ. सत्यपाल यांच्या अटकेने अमृतसर पेटलं आणि ज्यांच्या सुटकेची मागणी जालियनवाला बागेच्या सभेपर्यंत गेली, ते किचलू. चित्तूरचा तमिळ ब्राह्मण मुलगा आणि पंजाबच्या काश्मिरी मुसलमान घरातली मुलगी. पुढे एमबीएस यांनी जे जे केलं, त्यामागे हे घर आहे.

मद्रासला येऊन त्यांनी सिनेमात पाऊल टाकलं, ते 'पादै तेरियुदु पार'च्या निमित्ताने. त्या काळी तमिळ पडद्यावर एमजीआर आणि शिवाजी गणेशन यांचं राज्य होतं आणि द्रविड चळवळीने सिनेमाची ताकद पुरेपूर ओळखली होती. त्या गर्दीत समविचारी मंडळींनी एकत्र येऊन कामगारांच्या संघटनेवर सिनेमा काढला. दिग्दर्शक निमाई घोष, फाळणीतल्या निर्वासितांवर 'छिन्नमूल' करणारे बंगाली छायालेखक. ते कलकत्ता सोडून मद्रासला येऊन राहिले होते. नायक के. विजयन. गीतकारांत होते जयकांतन, वय पंचवीस-सव्वीस. पक्षाच्या कार्यालयात वाढलेले, तिथल्या छापखान्यात राबलेले, आणि पुढे ज्ञानपीठ मिळवणारे तमिळमधले जबरदस्त कथाकार. झोपडपट्टीतली माणसं सोलून दाखवणाऱ्या या लेखकाने झावळीवरचा चिमणा लिहिला, आणि एमबीएस यांनी त्याच्या शब्दांना धक्का न लावता चाल बांधली.

[गाणं : 'चिन्न चिन्न मूक्कुत्तियाम्'. पहिल्या दोन ओळी.]

याच चित्रपटातलं हे दुसरं गाणं. गीतकार के. सी. एस. अरुणाचलम, गायक टी. एम. सौंदरराजन. इवलीशी चमकी, लाल खड्याची चमकी, एवढ्या भांडवलावर उभं असलेलं गाणं. सौंदरराजन म्हणजे एमजीआर आणि शिवाजी दोघांचाही पडद्यावरचा आवाज. खडा, भरदार, थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा. इथे त्यांना कुठल्याही महानायकाची छाती फुगवायची नाही. नाकात चमकी घातलेल्या मुलीकडे बघून खुशीत आलेला एक साधा माणूस गातोय. लोकगीताचा ठेका, तोंडात सहज बसणारी ओळ, पुन्हा पुन्हा फिरून येणारी. एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही. सौंदरराजन यांची गाजलेली गाणी ज्यांना पाठ आहेत त्यांनी हे जरूर ऐकावं. इतका हलका झालेला त्यांचा आवाज क्वचितच सापडतो.

चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत तमिळसाठीचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. धंदा मात्र झाला नाही. चित्रपट पडला की त्याची गाणीही पडद्याआड जातात, आणि संगीतकाराच्या दाराशी निर्माते फिरकत नाहीत. तमिळमध्ये एमबीएस यांच्या वाट्याला नंतर मोजकेच चित्रपट आले.

पण ते मागे पडले, त्यांना कुणी विचारलं नाही, एवढ्यावर हा विषय संपवणं मला पटत नाही. ते त्या काळात दुसऱ्या एका कामात गुंतले होते, आणि त्या कामाचं मोल त्यांच्या गाण्यांइतकंच आहे.

[दृश्य : ध्वनिमुद्रणाचा जुना स्टुडिओ. व्हायोलिनवादकांच्या रांगा, एकच मायक्रोफोन.]

या छायाचित्रात मागच्या रांगेत बसलेली माणसं पाहा. त्यांची नावं कुठल्याच श्रेयनामावलीत येत नसत. व्हायोलिन, बासरी, तबला, मृदंग, ट्रम्पेट वाजवणारे हे लोक. किती तास वाजवायचं, पैसे किती मिळणार, कधी मिळणार, याला काही धरबंध नव्हता. एमबीएस यांनी या वादकांची संघटना बांधली, सिने म्युझिशियन्स युनियन. कामाचे तास ठरले, मोबदल्याला शिस्त आली. निमाई घोषही तंत्रज्ञांच्या संघटना बांधण्यात होतेच. दक्षिणेतल्या सिनेकामगारांच्या महासंघाच्या, 'फेफ्सी'च्या उभारणीत या दोघांची नावं आदराने घेतली जातात.

आता विचार करा. ज्या निर्मात्यांकडून काम मिळवायचं, त्यांच्याशीच वादकांच्या पैशांवरून वाटाघाटी करायच्या. चाली देऊन नाव कमावण्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांत हा माणूस दुसऱ्यांच्या पगाराच्या बैठकांना बसत होता. त्यानंतर मद्रासच्या स्टुडिओंत जी मोठमोठी वाद्यवृंदं उभी राहिली, ज्यांच्या जोरावर पुढचं भव्य तमिळ संगीत घडलं, तिथल्या प्रत्येक वादकाच्या हातात वेळेवर पडलेल्या पैशांत एमबीएस यांचा वाटा आहे.

मल्याळममध्ये त्यांना पुष्कळ जास्त प्रेम मिळालं. त्यांचा तिथला पहिला चित्रपट 'काल्पाडुकळ'. १४ नोव्हेंबर १९६१, मद्रासचा भरणी स्टुडिओ. एमबीएस यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक मुलगा उभा होता. कधीही सिनेमासाठी गायलेला नव्हता, आणि त्यात तापातून उठलेला. त्याला गायचा होता केरळचे समाजसुधारक नारायण गुरू यांचा श्लोक : जातिभेद आणि धर्मद्वेष नसलेलं, सगळे भावंडांसारखे राहतात असं हे आदर्श ठिकाण. मुलाचं नाव के. जे. येसुदास. पुढे 'गोरी तेरा गाँव बड़ा प्यारा' म्हणत जो आवाज आपल्या घराघरांत शिरला, त्याची सिनेमातली पहिली ध्वनिमुद्रिका एमबीएस यांच्या हाताखाली झाली.

आणखी एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो. मल्याळम दिग्दर्शक अदूर गोपालकृष्णन आणि के. जी. जॉर्ज, दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. जॉर्ज यांच्या पहिल्या चित्रपटाला, 'स्वप्नाडनम'ला, संगीत होतं आपल्या भास्कर चंदावरकरांचं. नंतर 'उळ्ळकडल', 'यवनिका'साठी जॉर्ज एमबीएस यांच्याकडे गेले. अदूर यांनी तर 'स्वयंवरम'पासून 'एलिप्पत्तायम', 'मुखामुखम', 'अनंतरम'पर्यंत त्यांचा हात सोडला नाही. 'मुखामुखम' केरळमधल्या कम्युनिस्ट नेत्याच्या पडझडीची गोष्ट सांगतो, आणि डावी मंडळी त्या चित्रपटावर फार चिडली होती. आयुष्यभर लाल झेंड्याखाली राहिलेल्या एमबीएस यांनी त्याला संगीत दिलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण आपण तमिळ गाण्यांकडे परत येऊ, कारण खरी उपेक्षा तिथे झाली.

[गाणं : 'एरियिले ओरु काश्मीर रोजा'. सुरुवातीचा भाग.]

१९७६ चा 'मदन माळिगै'. तळ्यात काश्मिरी गुलाब, अशी कल्पना. येसुदास आणि पी. सुशीला. हा चित्रपट आणि आदल्या वर्षीचा 'पुदु वेळ्ळम', दोन्हींचे दिग्दर्शक के. विजयन. नाव ओळखीचं वाटलं ना? 'पादै तेरियुदु पार'चा नायक तो हाच. पंधरा वर्षांनी दिग्दर्शक म्हणून हातात चित्रपट आले तेव्हा त्याने आपल्या जुन्या साथीदाराला बोलावलं. त्यामुळेच 'पुदु वेळ्ळम'मधलं 'तुळि तुळि तुळि मळैत्तुळि' हे पावसाच्या थेंबांचं गाणं आपल्याला मिळालं.

तोवर काळ पालटला होता. 'मदन माळिगै' ज्या साली आला, त्याच साली 'अन्नक्किळी'मधून इळैयराजा आले आणि तमिळ संगीताचं अंगणच बदलून गेलं. त्या लाटेत भलेभले वाहून गेले. एमबीएस यांची दोन-चार गाणी कुणाच्या लक्षात राहणार?

'काश्मीर रोजा' ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. सुशीला येतात तेव्हा येसुदासांच्या ओळीवर कुरघोडी होत नाही. एकाने सोडलेला स्वर दुसरा अलगद उचलतो. दोन आवाजांना शेजारी शेजारी कसं बसवायचं याची ही जाण सिनेमाच्या बाहेरची आहे, ती त्यांच्या समूहगानातून आली आहे.

[दृश्य : समूहगानाचा सराव. तीन-चार रांगांत उभी तरुण मुलंमुली.]

१९७० च्या सुमारास एमबीएस यांनी मद्रास यूथ क्वायर सुरू केला. त्याआधी मुंबईत सलील चौधरींनी असाच प्रयोग केलेला होता. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारतींची गीतं, वेगवेगळ्या भारतीय भाषांतली गीतं, आणि त्यांना पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंगती. आपलं संगीत एकाच सुरावटीने पुढे जाणारं. त्यात चार वेगळ्या सुरावटी एकाच वेळी चालवायच्या, आणि भारतींचा शब्द तरी ठसठशीत ऐकू आला पाहिजे, हे फार कठीण काम. गाणारे कोण? नोकरदार, विद्यार्थी, गृहिणी. वसंत देसाईंनी महाराष्ट्रात शाळकरी पोरांना 'एक सूर एक ताल' म्हणत मैदानावर गायला लावलं, तशीच ही तळमळ. एमबीएस पुढे देशभर फिरून शिक्षकांना आणि मुलांना समूहगान शिकवत राहिले.

मार्च १९८८ मध्ये ते लक्षद्वीपला गेले, तेही याच कामासाठी. तिथेच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

मद्रास यूथ क्वायर त्यांच्यानंतरही गात राहिला. केरळमध्ये 'चिल्लु' या चित्रपटातलं 'ओरु वट्टं कूडियेन' आजही शाळा सोडताना, निरोपाच्या समारंभात म्हटलं जातं. ओ. एन. व्ही. कुरुप यांची कविता, एमबीएस यांची चाल. तमिळमध्ये मात्र त्यांच्या गाण्यांचा नीट जपलेला संग्रह हवा तसा नाही. नावं चुकतात, श्रेय दुसऱ्याला जातं, जुन्या ध्वनिमुद्रिकांची खरखर तशीच राहते. ज्यांच्याकडे या तबकड्या असतील त्यांनी त्या जपाव्यात, आणि गाणं पुढे पाठवताना संगीतकाराचं नाव आठवणीने लिहावं, एवढं मनापासून सांगावंसं वाटतं. आणि निमाई घोष यांचा तो चित्रपट कुठे पाहायला मिळाला तर सोडू नका.

आता 'चिन्न चिन्न मूक्कुत्तियाम्' पूर्ण लावतो आहोत. शब्द कळले नाहीत तरी चालेल. ठेका धरा, आणि सौंदरराजन ती चमकीची ओळ दुसऱ्यांदा घेतात तेव्हा जरा कान देऊन ऐका.

[गाणं, पूर्ण. श्रेयनामावली त्यावरच : आधी वादक, मग गायक, गीतकार, संगीतकार.]