चेकआउट अकराला, कचरेवाला आठला

(दृश्य : अंधेरीतली सोसायटी. सकाळ. जिन्यात दारादारांपुढे ठेवलेल्या बादल्या.)

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत कचरा उचलण्याची वेळ सकाळचीच. सात-आठच्या सुमाराला सफाईवाला निळा ड्रम घेऊन वरच्या मजल्यापासून सुरुवात करतो आणि दारातल्या बादल्या रिकाम्या करत खाली येतो. साडेनऊला दार उघडून त्याला हाक मारली, तर तो खाली ओला-सुका वेगळा करत बसलेला असतो. परत वर येत नाही. का यावं त्याने?

आणि सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या फ्लॅटची चेकआउटची वेळ असते अकरा.

या मधल्या दोन-तीन तासांत सगळा घोळ होतो. शनिवारी रात्रीची बिर्याणी, बिअरच्या बाटल्या, केकचं खोकं, थंड पेयांचे ग्लास, आणि वर सकाळच्या इडलीचे सांबाराने माखलेले डबे. पाहुणे सगळं एकाच पिशवीत कोंबतात, गाठ मारतात, दाराबाहेर ठेवतात आणि लिफ्टने खाली जातात. त्यांच्या लेखी त्यांनी जागा आवरली. पिशवी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच. दुपारी मांजर येते, संध्याकाळी मुंग्या, आणि त्याआधीच समोरच्या काकूंनी काढलेला फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचलेला असतो.

अशा फ्लॅटवरून सोसायट्यांमध्ये भांडणं होतात, त्यात गोंगाट असतो, अनोळखी माणसांची ये-जा असते, पार्किंग असतं. पण पुराव्यादाखल फोटो मात्र नेहमी कचऱ्याच्या पिशवीचा असतो.

यावर उपाय फार साधा आहे. रात्रीचा कचरा रात्रीच बांधून बादलीत ठेवायचा आणि बादली सकाळी सातच्या आधी दाराबाहेर. नाश्त्याचा जो थोडा कचरा उरेल तो बाहेर ठेवायचा नाही. घरातच, ओट्याखाली, झाकणाच्या डब्यात. किंवा वॉचमनला विचारायचं, दादा, सोसायटीचे डबे कुठे आहेत? आणि जाताना स्वतः खाली नेऊन टाकायचा. सामानाच्या चार बॅगा लिफ्टने उतरतातच. पाचवी ही.

(दृश्य : दोन जुन्या इमारतींमधली हाऊस गल्ली. वर खिडक्यांच्या ग्रिल, खाली चिखल आणि पिशव्या.)

गिरगाव, दादरकडच्या जुन्या इमारतींत हा प्रश्न उभा राहतो तो मागच्या बाजूला. दोन इमारतींमधल्या अरुंद बोळाला मुंबईत हाऊस गल्ली म्हणतात. सांडपाण्याचे पाइप तिथून उतरतात, आणि खिडकीतून फेकलेला कचराही तिथेच पडतो. गल्ली इतकी चिंचोळी, की आत गाडी जात नाही, यंत्र जात नाही. माणूसच शिरतो. पावसाळ्यात तिथे उंदीर, घुशी आणि साचलेलं पाणी एकत्र येतं आणि लेप्टोची, म्हणजे उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते ती नेमकी अशा जागी. जुन्या मुंबईचं घर हवं म्हणून हौसेने दोन रात्री राहायला आलेल्या पाहुण्याला खिडकीखाली काय आहे ते दिसत नाही. वरून टाकलेलं केळ्याचं साल उचलायला कोणीतरी वाकतो, एवढं त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

(दृश्य : फ्लॅटचं दार. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं. आत पंखा चालूच आहे.)

आता दाराच्या आत येऊ.

पाहुणे गेले, की बाई येतात. पुढचे पाहुणे दोन वाजता. मध्ये तीन तास, तेही पहिले वेळेवर निघाले तर. तेवढ्यात चादरी-अभ्रे बदलायचे, न्हाणीघर घासायचं, फ्रिज पुसायचा, भांडी लावायची, केर-फरशी करायची. अशा बाई बऱ्याचदा दिवसाला दोन-तीन फ्लॅट धरतात. एकीकडे उशीर झाला की पुढचं सगळं घसरतं.

त्यामुळे पाहुण्याने काय करावं आणि काय करू नये, हे ठरवायची कसोटी एकच : बाईंचा वेळ वाचतो का? खरकटी भांडी निदान विसळून सिंकमध्ये ठेवली, तर वाचतो. वाळलेला वरणभात खरवडण्यात पंधरा मिनिटं जातात. ओले टॉवेल एका जागी, फरशीवर किंवा न्हाणीघरात टाकले, तर वाचतो. गादीवर टाकले तर गादी वाळवत बसावी लागते. उलट, घाईघाईने केर काढून तो कोपऱ्यात लोटला, तर बाईंना तसंही सगळं पुन्हा झाडायचं असतं. वापरलेली चादर नीट घडी घालून ठेवणं तर चक्क अडचणीचं. वापरलेली कुठली आणि धुतलेली कुठली, हे त्यांना वास घेऊन ठरवावं लागतं. चादर चुरगळलेली राहू द्या.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच, जो म्हणतो, ‘‘अरे, क्लीनिंग फी घेतलीय ना, राहू दे तसंच.’’ आणि एक वहिनी असतात, ज्या निघायच्या दिवशी सकाळी सहापासून लोकांचं घर घासत बसतात. दोघांचंही थोडं चुकतं. स्वच्छतेचे पैसे नेहमीच्या वापराचे असतात. दोन दिवस राहिल्यावर जेवढी धूळ, जेवढे केस, जेवढे डाग पडतात, तेवढ्याचे. सोफ्यावर सांडलेल्या शेजवान चटणीचे त्यात धरलेले नसतात.

मालकांचीही एक खोड आहे, आणि ती बोलून दाखवायला हवी. काही जण फी पण लावतात आणि दारामागे कामांची यादी पण चिकटवतात : चादरी काढा, मशीन लावा, फरशी पुसा. ही तक्रार जगभर इतकी वाढली की नोव्हेंबर २०२२ मध्ये अशी घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीच्या प्रमुखांना, ब्रायन चेस्की यांना, जाहीरपणे सांगावं लागलं : चादरी काढणं, कपडे धुणं, व्हॅक्यूम फिरवणं अशी कामं पाहुण्यांकडून करून घेऊ नयेत; दिवे बंद करणं, खरकटं कचऱ्यात टाकणं, दार लावून घेणं एवढी अपेक्षा ठीक. आपल्याकडे व्हॅक्यूम फारसा कोणाकडे नसतो. बाकी यादी मुंबईलाही चालते, फक्त त्यात गीझर आणि गॅसचा कॉक बंद करणं जोडायचं.

(दृश्य : सोसायटीच्या मागे कंपोस्टचे पिंप. सफाई कामगार हातमोजे घालून ओल्या कचऱ्यातून प्लास्टिक बाजूला काढतात.)

ओला आणि सुका. केंद्राचे घनकचऱ्याचे नियम २०१६ साली आले, आणि घरातच कचरा वेगळा करण्याची जबाबदारी घरात राहणाऱ्यावर आली. घरात राहणारा म्हणजे दोन रात्रींचा पाहुणाही. मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना, ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. तेव्हापासून अनेक आवारांत खताचे पिंप किंवा यंत्रं आली. त्यात भाजीची देठं जावीत, चहाचा चोथा जावा. जातात मात्र सॉसच्या पुड्या, डब्यांची झाकणं, कधी फ्लॅटमधलाच स्टीलचा चमचा. यंत्र बंद पडतं ते अशा चमच्याने.

काच हा वेगळा विषय आहे. अख्ख्या बाटल्या भंगारवाला घेतो, म्हणून त्या बाजूला, उभ्या ठेवल्या की बाई किंवा वॉचमन त्यांची सोय लावतात, चार पैसे त्यांनाही मिळतात. फुटलेला ग्लास मात्र वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत गुंडाळून, खोक्यात घालून, खोक्यावर ‘काच’ असं लिहून ठेवायचा. कारण पिशवी पुढे बऱ्याच हातांतून जाते : सोसायटीचा माणूस, महापालिकेच्या गाडीत कचरा भरणारे मोटार लोडर, सुका कचरा निवडणाऱ्या बायका. मुंबईत कचरा वेचणाऱ्या बायकांना स्त्री मुक्ती संघटनेच्या कामातून ‘परिसर भगिनी’ हे नाव मिळालं. नाव चांगलं आहे. बोट मात्र त्या नावाच्या बाईचंही तितकंच कापतं.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वेगळ्या पुडीत. कमोडमध्ये कधीच नाही. महापालिकेने २०२५ पासून या कचऱ्यासाठी नोंदणी घेऊन वेगळं संकलन सुरू केलं. सोसायटी त्यात असेल, तर मालकाने पाहुण्यांना तसं सांगायला हवं आणि न्हाणीघरात झाकणाचा छोटा डबा ठेवायला हवा. डबाच नसला, तर पाहुण्याने पुडी ठेवायची कुठे?

हे सगळं शेवटी पूर्वेकडे जातं. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली आणि धूर पार शहरभर पसरला. आता बहुतांश कचरा कांजूरमार्गला जातो. शहराचा रोजचा एकूण कचरा सहा हजार टनांहून अधिक. तिथे राहणाऱ्यांना रात्री वास येतो. मालाडच्या बाल्कनीत बसलेल्याला येत नाही.

(दृश्य : मार्वेची जेट्टी. मनोरीकडे निघालेली फेरीबोट, तिच्यावर दुचाकी, माणसं, बर्फाची खोकी.)

आता जरा मोकळ्या हवेत. मढ, एरंगळ, मनोरी, गोराई. शनिवार-रविवारसाठी बंगला घ्यायचा तर मुंबईकर इथे येतो. पंधरा-वीस जण, एक स्पीकर, कोळंबीची मोठी पिशवी.

इथला पहिला शत्रू वाळू. समुद्रावरून आलेली पोरं थेट न्हाणीघरात घुसतात आणि पायांची, चड्ड्यांची वाळू जाळीतून खाली जाते. पाण्याबरोबर वाहून जाते असं वाटतं. जात नाही, ती ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाइपच्या वळणात, बसते, वर केस आणि साबण जमतो, आणि सोमवारी प्लंबर येतो. बंगल्याच्या बाहेर बहुतेक ठिकाणी नळ असतो. तिथे पाय धुवायचे, कपडे तिथेच झटकायचे. एवढ्यात काम भागतं.

दुसरी हळद. मढच्या बंगल्यांत हळदीचे समारंभ जोरात होतात, आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या चादरींवर, उशांवर, कधी भिंतीवर पंजे उमटलेले असतात. एखादी काळजीवाहू मावशी लगेच साबण घेऊन बसते, आणि पिवळा डाग लाल होतो. घाबरायचं कारण नाही. हळदीतलं कुर्क्युमिन साबणाच्या अल्कलीने लाल दिसतं. हाच रंग उन्हापुढे टिकत नाही. धुऊन कडक उन्हात वाळत घातली की चादर बरीच उजळते, पुन्हा धुऊन पुन्हा उन्हात. पण हे मालकाला कळायला तर हवं! चादर गुंडाळून कपाटाच्या तळाशी लपवली, तर पंधरा दिवसांनी सापडते, आणि तोवर दमट हवेत तिच्यावर बुरशीही आलेली असते. हळदीला जाताना घरच्या चार जुन्या चादरी नेणं सगळ्यात सोपं.

मासळीची डोकी, कोळंबीची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून, घट्ट बांधून, बंद डब्यात. गाडी कधी येते ते केअरटेकरला आधीच विचारून ठेवायचं. मागच्या खाजणात टाकायची नाहीत; तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या भरतीला परत कोळीवाड्याच्या दारात येतात. आणि शहाळी, अख्खीच्या अख्खी, कचऱ्याच्या पिशवीत भरू नयेत. उचलताना पिशवी फाटते. झाडाखाली रचून ठेवा, म्हणजे ज्याला उचलायचीत तो टोपली घेऊन येईल.

(दृश्य : परळ. रुग्णालयाजवळची गल्ली. हातात फाइल घेतलेली माणसं, औषधांची दुकानं.)

मुंबईत थोड्या दिवसांसाठी घर घेणारे सगळे मजेला आलेले नसतात. टाटा मेमोरियलच्या आसपास लातूर, जळगाव, रत्नागिरीहून आलेली कुटुंबं उपचार संपेपर्यंत खोली घेऊन राहतात. त्यांना चेकआउटच्या सूचना वाचून दाखवायला कोणाला धीर होणार? तरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बाईंच्या आणि सफाईवाल्याच्या जिवाची आहे. इंजेक्शनच्या सुया साध्या पिशवीत जाता कामा नयेत. जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत टाकायच्या, झाकण घट्ट लावायचं, बाटली वेगळी ठेवायची आणि रुग्णालयात ती परत घेतात का, ते विचारायचं. सहलीला आलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या काकांनाही हेच लागू.

(दृश्य : उघडा फ्रिज. अर्धं लिंबू, अर्धी कोल्ड्रिंकची बाटली, पातेल्यात पुलाव.)

उरलेल्या अन्नाबद्दल. ‘‘राहू दे, बाईंना होईल’’ म्हणून परवाचा पुलाव फ्रिजमध्ये ठेवून जाणं हा चांगुलपणा नाही. आपण जे खाणार नाही ते त्यांच्या माथी मारलं, एवढंच. न फोडलेलं तेल, चहापत्ती, बिस्किटांचा पुडा ठेवायचा असेल, तर खुशाल ठेवा, पण बाई किंवा केअरटेकर भेटले तर विचारून. शिजवलेलं, उघडलेलं सगळं ओल्या कचऱ्यात, आणि तेही सफाईवाल्याच्या वेळेआधी.

बाईंना काही द्यायचं मनात असेल, तर त्यांच्या हातात द्यावं. क्लीनिंग फीमधलं त्यांच्यापर्यंत किती पोचतं, ते मालकागणिक बदलतं. भेट झाली नाही, तर पाकिटावर ‘सफाईच्या ताईंसाठी’ असं लिहून टेबलावर ठेवायचं. नुसती नोट ठेवली, तर ती पाहुणा विसरून गेला असं समजून बाई मालकाला फोन करतात. तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात असतो, आणि तेवढी धास्तीही.

मालकासाठी एकच काम. दारामागे इंग्रजीत दोन पानं लावण्यापेक्षा मराठी-हिंदीत चार ओळी लावा : कचरा किती वाजता उचलतात, ओल्याची बादली कुठली, सुक्याची कुठली, काही फुटलं तर कुठल्या नंबरवर कळवायचं. आणि दोन बादल्या खरोखर ठेवा. एका बादलीत ओला-सुका वेगळा करा असं सांगणारे फ्लॅट मुंबईत आहेत.