पोटरी, नडगी आणि कार्डाचा रंग

नमस्कार. प्रस्तावनेत वेळ न घालवता दोन फुटबॉल सामन्यांपासून सुरुवात करतो. दोन्ही २०२५ सालचे, मध्ये जेमतेम अडीच महिन्यांचं अंतर, आणि दोन्हींत एकच माणूस: रेआल माद्रिदचा किलियन एम्बापे. पहिल्यात तो मार खाणारा, दुसऱ्यात मारणारा.

१ फेब्रुवारीला रेआल माद्रिद एस्पान्योलच्या मैदानावर खेळत होतं. दुसऱ्या हाफमध्ये एम्बापे सुटला, मागे बचावपटू कार्लोस रोमेरो. एम्बापेचा वेग तुम्हाला ठाऊक आहे. याला आपण गाठत नाही, हे रोमेरोला दोन पावलांतच कळलं असणार. त्याने मागून झेप टाकली आणि बुटाचे स्टड, म्हणजे तळाचे टोकदार गोळे, थेट पोटरीवर आले. समोरून येणारा टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावायला घातलेला पाय, निदान दिसतो, पाय उचलून घेता येतो. मागून आलेल्याला धावणाऱ्या माणसाकडे काहीही उपाय नसतो. रेफ्री मुनीस रुईस यांनी पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे नुसती ताकीद दिली. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ पाहून मैदानावरच्या रेफ्रीला मदत करणाऱ्या पंचांच्या, खोलीतून त्यांना मॉनिटरकडे बोलावणं आलं नाही. पुढे ८५ व्या मिनिटाला सामन्यातला एकमेव गोल कोणी केला? त्याच रोमेरोने.

दुसरा सामना १३ एप्रिलचा, व्हितोरियातल्या मेन्दिसोरोसा मैदानावर, अलावेसविरुद्ध. ३८ व्या मिनिटाला एम्बापेने अंतोनियो ब्लांकोच्या नडगीवर स्टड रोवले. रेफ्री सोतो ग्रादो यांनी आधी पिवळंच कार्ड काढलं. या वेळी व्हीएआरने बोलावलं, त्यांनी मॉनिटरवर पाहिलं आणि कार्ड लाल झालं, म्हणजे एम्बापे मैदानाबाहेर. निर्णय अगदी बरोबर होता. प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्ती निलंबित असल्याने त्या दिवशी संघाची सूत्रं त्यांचा मुलगा दाविदेकडे होती. लाल कार्ड योग्य होतं हे त्यानेही मान्य केलं.

म्हणजे मैदानावरच्या दोन्ही रेफ्रींनी एकच चूक केली. एक दुरुस्त झाली, दुसरी तशीच राहिली. मला आज बोलायचंय ते या फरकाबद्दल.

नियम याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. फुटबॉलच्या बाराव्या, म्हणजे फाउलबद्दलच्या, नियमात तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणाने केलेला फाउल असेल तर नुसती फ्री किक. समोरच्याचं काय होईल याची पर्वा न करता केलेला असेल तर पिवळं कार्ड. आणि अतिरेकी जोर लावला किंवा प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणली, तर लाल. मग तो टॅकल समोरून असो, बाजूने असो की मागून. खेळाडूच्या मनात काय होतं, हे इथे विचारलेलं नाही. हाड मोडलं की नाही, हेही विचारलेलं नाही. तरी आपण समालोचनात काय ऐकतो? 'तो तसा खेळाडू नाही.' 'अहो, उठून खेळतोय की!' ही दोन वाक्यं रेफ्रीच्याही डोक्यात शिरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. फुटेज दहा वेळा पाहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोक्यात तर ती शिरतातच.

ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल साखळी स्पर्धेत, व्हीएआर आला २०१८-१९ च्या हंगामात. माद्रिदजवळच्या लास रोसासमध्ये पडद्यांसमोर बसलेले रेफ्री सगळे सामने तपासतात. एकच खोली, एकच यंत्रणा, म्हणजे निर्णयांत सारखेपणा येईल अशी अपेक्षा होती. पण व्हीएआर 'हे लाल आहे का?' असं विचारतच नाही. तो विचारतो, 'लाल न देणं ही ढळढळीत चूक आहे का?' हा प्रश्न निराळा आहे. मैदानावरचा रेफ्री कानातल्या यंत्रातून म्हणाला, 'मी पाहिलंय, जोर फार नव्हता,' की पडद्यासमोरचा माणूस अडखळतो. एखादा तरीही बोलावतो, दुसरा म्हणतो, त्यांनी पाहिलंय ना, मग राहू दे. पूर्वी फरक एका माणसाच्या नजरेत पडायचा. आता त्यात दुसऱ्या माणसाच्या धिटाईची भर पडली आहे.

हँडबॉलच्या, म्हणजे चेंडू हाताला लागण्याच्या, बाबतीत ही सावधगिरी मी समजू शकतो. तिथे मतभेदाला जागा आहे, आणि चुकलं तर एक गोल जातो. पण पोटरीवर स्टड पडले असतील तिथे बोलावण्याचा उंबरठा खाली आणलाच पाहिजे. रेफ्रीने वीस सेकंद मॉनिटरपाशी घालवले तर कोणाचंही नुकसान होत नाही.

आता थोडं मागे जाऊ. २४ सप्टेंबर १९८३, बार्सिलोनाचं मैदान काम्प नोउ. बार्सिलोना आणि अथलेटिक बिल्बाओ. बिल्बाओचा बचावपटू आन्दोनी गोइकोएचिया. दोन वर्षांपूर्वी याच माणसाच्या टॅकलने बार्सिलोनाच्या बेर्न्ट शुस्टरचा गुडघा गेला होता. त्या रात्री शुस्टरने त्याचा हिशेब चुकता करायचा प्रयत्न केला आणि स्टेडियम शुस्टरच्या नावाने दणाणून गेलं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांची झुंज पाहिलेल्यांना अशा आवाजाने मैदानात काय पेटतं, हे वेगळं सांगायला नको. थोड्याच वेळात गोइकोएचियाने मागून येऊन बार्सिलोनाच्या दिएगो मारादोनाचा डावा घोटा मोडला. हाड गेलं, लिगामेंट फाटलं. रेफ्रीने दाखवलं ते पिवळं कार्ड. चारच दिवसांनी युरोपियन कपच्या सामन्यानंतर बिल्बाओच्या प्रेक्षकांनी गोइकोएचियाला खांद्यावर घेतलं. मारादोना महिनोन्महिने मैदानाबाहेर राहिला.

मला इथे खांद्यावर घेणाऱ्यांचा राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही. आपला माणूस म्हटला की मोडलेलं हाडसुद्धा मर्दुमकी ठरतं. ही वृत्ती १९८३ मध्ये संपली असं समजू नका. जानेवारी २०२० मध्ये जेद्दाहला स्पॅनिश सुपरकपचा अंतिम सामना झाला. ११५ व्या मिनिटाला आतलेतिको माद्रिदचा आल्वारो मोराता एकटा गोलकडे धावत होता. रेआल माद्रिदच्या फेदेरिको व्हाल्व्हेर्देने त्याला मागून पायांवर आडवं केलं. लाल कार्ड मिळालं, रेआल माद्रिदने पेनल्टीवर सामना जिंकला, आणि सामनावीर ठरला व्हाल्व्हेर्देच. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक सिमेओने यांनीही बाहेर जाताना त्याची पाठ थोपटली. डावपेच म्हणून त्याचं कौतुक अजून होतं. पण मोराताचा पाय त्या क्षणी जमिनीत रुतलेला असता तर?

शिक्षांच्या मोजमापातही अशीच गफलत आहे. एप्रिल २००९ मध्ये माद्रिदच्या पेपेने हेताफेच्या खाली पडलेल्या कास्केरोला लाथा घातल्या. १० सामन्यांची बंदी आली. योग्यच झालं. सप्टेंबर २०१० मध्ये आतलेतिकोच्या तोमाश उयफालुशीने मेस्सीच्या घोट्यावर बूट उतरवला. लगेच लाल कार्ड मिळालं, पण बंदी दोन सामन्यांची. डोकं फिरलेला माणूस शिस्तपालन समितीला भयंकर वाटतो. खेळता खेळता घोटा चिरडणारा मात्र तिला खेळाचाच भाग वाटतो.

एस्पान्योलच्या सामन्यानंतर रेआल माद्रिदने स्पॅनिश फुटबॉल फेडरेशनला कडक पत्र लिहिलं आणि सगळी पंचव्यवस्थाच सडली असल्याचा आरोप केला. यामागे पार्श्वभूमी आहे. पंच समितीचे माजी उपाध्यक्ष नेग्रेइरा यांच्या कंपन्यांना बार्सिलोनाने वर्षानुवर्षं पैसे दिल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. क्लब गैरव्यवहार नाकारतो, पण संशय पसरायचा तो पसरलाच. माद्रिदची स्वतःची वाहिनी तर सामन्याआधीच त्या दिवशीच्या रेफ्रीच्या चुकांचे व्हिडिओ दाखवते. एप्रिल २०२५ मध्ये कोपा देल रे या स्पॅनिश कप स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी रेफ्री रिकार्दो दे बुर्गोस बेंगोएचिया पत्रकारांसमोर रडले. तुझा बाप चोर आहे, असं त्यांच्या मुलाला शाळेत ऐकावं लागत होतं. अशा दडपणाखाली माणूस धीट होत नाही, तो पिवळ्या कार्डाच्या आडोशाला जातो. आणि या सगळ्या गदारोळात रोमेरोच्या टॅकलची चर्चा 'माद्रिदवर अन्याय' एवढीच उरली. ज्या पोटरीवर स्टड पडले ती मागेच राहिली.

२०२५-२६ च्या हंगामापासून पंच समिती वादग्रस्त निर्णयांची फोड करणारा साप्ताहिक व्हिडिओ काढू लागली आहे. ते चांगलंच आहे. पण नुसत्या खुलाशाने शिक्षा बदलत नाही. स्पेनमध्ये रेफ्रीच्या अहवालाला खरेपणाचं गृहीतक लागू असतं. त्याने पाहून पिवळं दिलं, की शिस्तपालन समिती सहसा ते प्रकरण पुन्हा उघडत नाही. गंमत पाहा, १९८३ मध्ये मैदानावर फक्त पिवळं कार्ड मिळूनही गोइकोएचियावर नंतर लांबलचक बंदी घातली गेली होती. अपिलात ती बरीच कमी झाली, ते सोडा. म्हणजे रस्ता तेव्हा होता.

तो पुन्हा उघडावा, एवढं माझं मागणं आहे. फक्त धोकादायक टॅकलपुरतं. सोमवारी एक माजी रेफ्री, एक माजी खेळाडू आणि एक अस्थिरोगतज्ज्ञ बसावेत. स्टड कुठे लागले, किती उंचीवर लागले, वेग किती होता, चेंडू टप्प्यात होता का, एवढंच त्यांनी पाहावं, आणि निर्णयाची कारणं लेखी जाहीर करावीत. क्लबने पत्र पाठवलं असो वा नसो, खेळाडू उठून खेळला असो वा स्ट्रेचरवरून गेला असो, रोमेरो आणि एम्बापे दोघांनाही त्यांच्याकडून एकसारखी बंदी मिळाली असती. आता तुमचे प्रश्न घेतो.