डाव्या हाताकडे बघा

[पडदा काळा. फक्त ड्रमचा ताल ऐकू येतो.]

गाणं नाही, गिटार नाही. एक माणूस, एक ड्रमसेट आणि जेमतेम वीस सेकंद.

२० नोव्हेंबर १९६९. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात गायक जेम्स ब्राउनचा बँड 'फंकी ड्रमर' हे गाणं ध्वनिमुद्रित करतोय. पाच मिनिटं उलटून गेल्यावर ब्राउन बाकीच्यांना गप्प करतो आणि ड्रमरला बजावतो, की सोलो-बिलो काही नको, चाललंय तेच चालू ठेव. ड्रमर ऐकतो. त्याचं नाव क्लाइड स्टबलफील्ड.

तो तुकडा पुढे हजाराहून जास्त गाण्यांमध्ये वापरला गेला. १९८०च्या दशकात आवाज साठवून पुन्हा पुन्हा वाजवणारी सॅम्पलर यंत्रं निर्मात्यांच्या हाती आली, तेव्हा हिप-हॉपवाल्यांनी याच वीस सेकंदांवर झडप घातली. पब्लिक एनिमी या हिप-हॉप गटाचं १९८९ सालचं 'फाइट द पॉवर' ऐका, तिथेही स्टबलफील्ड आहे. ज्यांनी त्याचं नाव कधी ऐकलेलं नाही, त्यांचेही पाय त्याच्या तालावर हललेले आहेत.

पण एवढं काय आहे त्यात?

[कॅमेरा वरून. वादक तोच ताल संथ लयीत वाजवतो.]

उजवा हात हाय-हॅटवर आहे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या, पायाने उघडझाप होणाऱ्या दोन झांजांवर. तो एका मात्रेत चार ठोके देतोय, न थांबता. मूळ लयीत हे सेकंदाला साडेसहाच्या आसपास पडतात. एका हाताने. दमछाक करणारं काम आहे, पण बक्षीस त्याला द्यायचं नाही. आता डावा हात बघा. तो स्नेअरवर आहे, म्हणजे समोरच्या, कडक आवाजाच्या ड्रमवर. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला खणखणीत ठोका येतो, तो सगळ्यांनाच ऐकू येतो. त्या दोन ठोक्यांच्या मध्ये काठी कातड्यावर नुसती टेकल्यासारखी पडते, एकदा, पुन्हा एकदा. यांना ड्रमर घोस्ट नोट म्हणतात. मोठा ठोका वीतभर वरून येतो, हे बोटभर उंचीवरून.

अवघड काय, ते हातात काठ्या धरलेल्यांना विचारा. जोरात मारल्यावर काठी उसळी घेते. ती उसळी तिथल्या तिथे मारून लगेच पुढचा ठोका हलका, अगदी हलका वाजवायचा. जोर लावणं कुणालाही जमतं. जोर लावून झाल्यावर हात क्षणात शांत करणं, हे वर्षानुवर्षांचं काम. हे बारीक ठोके काढून टाका आणि तोच ताल वाजवा. मात्रा सगळ्या जागेवर राहतील, तालही चुकणार नाही, आणि नाचावंसं मात्र कुणालाच वाटणार नाही.

स्टबलफील्डचा जन्म १९४३ सालचा, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाचा. स्वरलिपी त्याला वाचता येत नव्हती, रीतसर शिक्षणही नव्हतं. लहानपणी आसपासच्या कारखान्यांचे आणि रेल्वेगाड्यांचे ठेके कानात बसले, असं तो सांगायचा. गाण्याचे हक्क ब्राउनच्या नावावर होते, त्यामुळे त्या हजार गाण्यांमधून स्टबलफील्डला मानधन मिळालं नाही. याचा मनस्ताप करून घेतला नाही असं तो म्हणे, पण दुसऱ्याचं वाजवणं वापरून त्याला पैसे न देणं हा अपमान आहे, हेही त्याने स्पष्ट सांगितलं होतं. २०१७ साली तो गेला.

जाता जाता एक. ब्राउनकडे त्या काळात दुसरा ड्रमरही होता, जॉन 'जॅबो' स्टार्क्स. त्याचं वाजवणं मोकळं, स्वच्छ, पसारा नसलेलं. 'सेक्स मशीन'वर तोच आहे. स्टबलफील्डच्या कौतुकात जॅबोचं नाव मागे पडतं, आणि ते बरोबर नाही.

[जुन्या कार्यक्रमाचं कृष्णधवल चित्रण. सूट घातलेला, चेहऱ्यावर कसलाही भाव नसलेला ड्रमर.]

हा चार्ली वॉट्स. १९६३च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्समध्ये आला आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिला. मन जॅझमध्ये, नोकरी रॉकमध्ये. आजूबाजूला एवढा धिंगाणा चाललेला आणि हा मधोमध बसलेला, दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखा.

त्याचाही डावा हात बघा. काठी मुठीत धरलेली नाही. तळवा वर आहे आणि काठी अंगठ्याच्या बेचक्यातून बोटांवर आडवी टेकली आहे. ही पकड लष्करी वाद्यपथकांतून आली. तिथे ड्रम पट्ट्याने गळ्यात अडकवलेला आणि एका बाजूला कललेला असायचा, त्यामुळे डावा हात असा वळवावा लागे. ड्रम सपाट झाला तरी जॅझवाल्यांनी पकड सोडली नाही आणि वॉट्सनेही नाही.

पण त्याची खरी खूण उजव्या हातात आहे. जवळपास प्रत्येक रॉक ड्रमर डाव्या हाताने स्नेअर वाजवताना उजव्याने हाय-हॅटही वाजवतो. दोन्ही आवाज एकत्र पडतात. वॉट्स तसं करत नाही. स्नेअरची मात्रा आली की त्याचा उजवा हात हवेत उचलला जातो आणि झांज गप्प बसते. डाव्या हाताला वाट करून दिल्यासारखी. त्यामुळे स्नेअर एकटा, उघडा वाजतो. आणि तो हात वर जाऊन परत यायला जो किंचित वेळ लागतो, त्यानेच बहुधा स्टोन्सच्या तालाला झोका मिळाला असावा. हे मोजून सिद्ध करता येईल का, सांगता येत नाही. पण कुणी त्यांचं गाणं नेमक्या ठोक्यांनी, हाय-हॅट न सोडता वाजवलं की काहीतरी बिनसतं, एवढं खरं.

शिवाय या बँडची रचनाच उलटी. एरवी सगळे ड्रमरच्या मागे चालतात. इथे ड्रमर कीथ रिचर्ड्सच्या गिटारमागे चालतो. सोलो वॉट्सला कधीच आवडले नाहीत.

[रिंगो स्टारचं छायाचित्र. ड्रमसेटची मांडणी रेखाचित्रात उलगडते.]

रिंगो स्टारला 'साधा ड्रमर' म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांच्यासाठी हे रेखाचित्र.

उजव्या हाताच्या वादकासाठी ड्रमसेट असा लावतात: डावीकडे हाय-हॅट आणि स्नेअर, मग वरचा टॉम, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा ड्रम, आणि उजव्या टोकाला जमिनीवरचा मोठा टॉम. ओळ संपताना ड्रमर जी छोटी वेलांटी घेतो, तिला फिल म्हणतात. ती सहसा डावीकडून उजवीकडे, उंच आवाजाकडून खर्जाकडे घसरते, कारण उजवा हात पुढे असला की शरीर त्या दिशेला आपसूक वळतं.

रिंगो डावखुरा. आजीने त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं, असं त्यानेच सांगितलंय. ड्रमसेट मात्र तो उजव्यांसारखाच लावतो. म्हणजे सेट उजव्यांचा आणि पुढाकार डाव्या हाताचा. स्नेअरवरून टॉमवर सरळ घसरत जाणं त्याला सोयीचं नाही. एक हात दुसऱ्याच्या वाटेत येतो. मग तो वेगळ्या जागी सुरुवात करतो, मध्ये क्षणभर थांबतो, उलटा फिरतो. बीटल्सच्या गाण्यांतले ते अडखळल्यासारखे वाटणारे आणि तरी नेमके समेवर येणारे फिल तिथून आलेत. १९६६ सालचं 'रेन' ऐका. आपलं सर्वोत्तम वाजवणं तो याच गाण्यातलं मानतो, आणि त्याच्याशी वाद घालायला जागा नाही. तरबेज उजवा ड्रमर ते फिल हुबेहूब वाजवू शकतो, पण पाठ करून. रिंगोला ते पाठ करावे लागले नाहीत.

[कॅमेरा पुन्हा वरून. हाय-हॅट आणि स्नेअर जवळून.]

बारीक ठोक्यांचा सगळ्यांत देखणा नमुना १९८२ सालचा आहे. गाणं 'रोझाना', बँड टोटो, ड्रमर जेफ पोर्कारो. इथे मात्रेचे तीन भाग पडतात. पहिला आणि तिसरा भाग उजव्या हाताने हाय-हॅटवर, मधला डाव्या हाताने स्नेअरवर, कुजबुजल्यासारखा. आणि मोठा ठोका नेहमीच्या दोन जागी न येता एकदाच, तिसऱ्या मात्रेवर. म्हणून लय एकाच वेळी धावते आणि रेंगाळतेही.

पोर्कारोने याचं श्रेय स्वतः घेतलं नाही. ड्रमर बर्नार्ड पर्डीचा शफल, म्हणजे हाच तीन भागांचा डुलता ताल, त्याला लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमने 'फूल इन द रेन'मध्ये दिलेलं वळण आणि पायाने वाजवायच्या बास ड्रमला गिटारवादक बो डिडलीचा ठेका, अशी आपली उसनवारी तो खुलेपणाने मोजून दाखवायचा. पर्डीचा मूळ शफल ऐकायचा तर स्टीली डॅन या बँडचं १९८० सालचं 'बॅबिलन सिस्टर्स'. तो जास्त आळसावलेला आहे. माझं मत पर्डीला. पोर्कारो १९९२ साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला.

[उंच छताचा दिवाणखाना, जिना.]

डाव्या हाताचं हे सगळं कौतुक जॉन बॉनमपाशी येऊन अडतं. त्याचं नाव निघालं की बोलावं लागतं ते उजव्या पायाबद्दल. लेड झेपेलिनच्या १९६९ सालच्या पहिल्याच अल्बममधलं पहिलंच गाणं, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'. त्यात बास ड्रमवर तिगुणी ठोक्यांच्या जोड्या पडतात, त्या ऐकून कित्येकांना वाटलं की याला दोन पेडल आहेत. पेडल एकच होतं.

आणि मग तो आवाज. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' मुद्रित झालं. ड्रमसेट खाली, जिन्याच्या पायथ्याशी. ध्वनितंत्रज्ञ अँडी जॉन्सने दोन मायक्रोफोन वर, जिन्याच्या कठड्यावरून सोडले. त्या काळी मायक्रोफोन ड्रमला चिकटवण्याकडे कल होता, इथे मधली सगळी हवाच मुद्रित झाली. पण जिना एकट्याने काही करत नाही. त्या ठोक्यांमध्ये बॉनमने मोकळ्या जागा सोडल्या, म्हणून घुमणाऱ्या आवाजाला विरायला वेळ मिळाला. घाई करणाऱ्या ड्रमरचा त्याच जिन्यात नुसता गोंगाट झाला असता. बॉनम १९८० साली बत्तिसाव्या वर्षी गेला आणि बँडने त्याच वर्षी थांबायचं ठरवलं.

नायजेरियातल्या लागोसचा टोनी ॲलन हा पुन्हा वेगळाच मामला. तो रेडिओ केंद्रात तांत्रिक काम करता करता स्वतःच शिकला. जॅझ ड्रमर मॅक्स रोचचा हाय-हॅटवरचा लेख वाचून डाव्या पायावर मेहनत घेतली. त्याच्याकडे मुख्य ठोका असा नसतोच. चारही हातपाय आपापसांत बोलत असतात आणि आवाज कुणीच चढवत नाही. टोनी नसता तर आफ्रोबीट, म्हणजे जॅझ, फंक आणि पश्चिम आफ्रिकी तालांचं ते मिश्रण, नसतं, असं तो ज्याच्या बँडमध्ये वाजवायचा तो खुद्द फेला कुटी म्हणायचा.

[मोठं मैदान, प्रचंड गर्दी.]

शेवटचं नाव रिक ॲलन. डेफ लेपर्डचा ड्रमर. ३१ डिसेंबर १९८४ला मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला. वय एकवीस. बँडने दुसरा ड्रमर घेतला नाही. ॲलनने इलेक्ट्रॉनिक पॅड आणि पेडल असलेला सेट बनवून घेतला आणि डाव्या हाताचं काम डाव्या पायाला शिकवलं. ज्या पायाने आजवर फक्त झांजा उघडल्या-मिटल्या, त्याने आता स्नेअर वाजवायचा होता. १९८६च्या ऑगस्टमध्ये तो डॉनिंग्टनच्या महोत्सवात वाजवायला बसला. पुढच्या वर्षी 'हिस्टेरिया' आला आणि त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

त्या अल्बममध्ये स्टबलफील्डचे बारीक ठोके शोधू नका. ध्वनिमुद्रणातही यंत्रात साठवलेले आवाज वापरलेले आहेत. सगळे ठोके मोठे, एकसारखे, ऐसपैस जागेत. काहींना ते कोरडं वाटतं. पण मंचावरचं चित्रण मिळवा, आणि या एका वेळी हाताकडे बघू नका. त्याच्या डाव्या पायाकडे बघा.