आधी मोरी, मग भांडी

(वर्धा जिल्ह्यातील एका गावाच्या वाचनालयात हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

घरगुती बिअरसाठी परसात शेड कसे आखावे व बांधावे, हा माझा आजचा विषय आहे. फलक लिहिणाऱ्या मुलाने ‘बिअर’ या शब्दाच्या जागी ‘पेय’ असे लिहिले आणि त्यात मला त्याची चूक दिसत नाही, कारण ज्या जिल्ह्यात गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. जिल्ह्याबाहेरही मोकळीक नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा, जो पूर्वी मुंबईच्या नावाने ओळखला जाई आणि आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते विकायचे असो की स्वतः प्यायचे असो. तेव्हा आज येथून उठून कोणी घरी बिअर लावू नये. मी गवंडीकाम शिकवणारा माणूस आहे. माझा रस त्या शेडच्या बांधणीत आहे, आणि ते शेड आपल्याकडे कायद्यात राहून कशाला उपयोगी पडते, तेही मी शेवटी सांगणार आहे.

या विषयाशी माझा संबंध जावयामुळे आला. मुलगी आणि जावई इंग्लंडात राहतात. तेथे १९६३ सालापासून घरच्यापुरती बिअर करायला ना परवाना लागतो ना कर, आणि जावयाला तो नाद आहे. मी सहा महिने त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा त्याने मला नकाशा दाखवला. नकाशात भट्टी, तीन पातेली, फळ्या, बाटल्यांची मांडणी, सगळे होते. मी विचारले, “पाणी कोठे जाणार?” त्याने बादलीकडे बोट दाखवले. मी तो नकाशा बाजूला ठेवला आणि आम्ही मोरीपासून नवी आखणी केली.

मोरीला मी एवढे महत्त्व का देतो, ते कळण्यासाठी आधी त्या शेडमध्ये काय चालते, ते पाहावे लागेल. जव भिजवून, मोड आणून, वाळवले की त्याचे माल्ट होते. तेवीस लिटर बिअरला चार-पाच किलो माल्ट भरडून ते ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोड आलेल्या दाण्यातली विकरे तेवढ्या वेळात पिठाची साखर करतात. मग गोड अर्क गाळून घ्यायचा, चोथा बाजूला काढायचा, अर्क तासभर खळखळ उकळायचा, त्यात कडवटपणासाठी हॉप्सची फुले टाकायची (ती आपल्या देशात हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात पिकतात), आणि नंतर तो शक्य तितक्या लवकर २० अंशांपर्यंत गार करून त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते आणि मद्य व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. बिअरची गोष्ट खरे तर एवढीच आहे. मात्र यीस्ट पडायच्या आधी त्या गोड अर्कावर हवेतल्या प्रत्येक जंतूचा डोळा असतो, म्हणून या कामातला निम्म्याहून अधिक वेळ भांडी, नळ्या, फरशी आणि टेबल धुण्यात जातो. तेवीस लिटरच्या एका घाण्याला आम्ही धुण्याचे आणि गार करण्याचे मिळून दीडशे लिटरच्या आसपास पाणी सोडत होतो. एवढे पाणी बादलीने बाहेर नेणारा माणूस तिसऱ्या घाण्याला हा नाद सोडून देतो.

म्हणून फरशीला नालीकडे फुटाला पाव इंच उतार द्यावा. यापेक्षा कमी दिला तर पाणी डबकी करून बसते आणि जास्त दिला तर टेबल डुगडुगते. नाली भिंतीच्या कडेने उघडी ठेवून वर उचलता येणारी जाळी बसवावी, कारण चोथ्याचे दाणे बंद नळीत अडकले की आठवड्यात त्यांचा वास घरापर्यंत पोहोचतो. भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात काटकोन न ठेवता सिमेंटचा गोलवा काढावा, म्हणजे कोपऱ्यात घाण साचत नाही. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी हवीच. इंग्लंडात ती उंदरांसाठी लावली, आपल्याकडे विंचवासाठी आणि सापासाठी लावावी लागते.

आता आपल्या काळ्या मातीकडे येतो, कारण इंग्लंडातले शेड आणि आपले शेड यांतला खरा फरक जमिनीपासूनच सुरू होतो. आपली माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा मातीवर दोन फूट खोदून पाया भरला, तर भिंत दर पावसाळ्यात उचलली जाते आणि दर उन्हाळ्यात खचते. मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल, तर तेथपर्यंत खाली जावे, त्यासारखा दुसरा उपाय नाही. मुरूम खोल असेल, तर मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी मांडलेली पद्धत वापरता येते. तीत काळी माती सुमारे एक मीटर काढून तेथे न फुगणारी पण कण घट्ट धरून ठेवणारी माती, म्हणजे आपल्या भाषेत चांगला मुरूम, थरांथरांनी पाणी मारून धुमसून भरतात.

या सगळ्यात मोरी पुन्हा आडवी येते. दीडशे लिटर पाणी जर पायालगतच मुरले, तर एका बाजूची माती बारा महिने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूची वाळलेली राहते, आणि त्या दोन्हींच्या मध्ये भिंत फाटते. माझ्या स्वतःच्या शेडमध्ये मी हीच चूक केली. गवंडीकामाचा मास्तर असूनही मी शोषखड्डा भिंतीपासून चार फुटांवर घेतला, आणि काळ्या मातीत शोषखड्डा नीट शोषत नाही, हे मुलांना शिकवणारा मी स्वतःच विसरलो. पहिल्याच पावसाळ्यात वायव्येच्या कोपऱ्यात तिरपी भेग गेली. पुढे मी ते पाणी नळीने वीस फूट लांब केळीच्या आळ्यात नेले आणि भिंतीभोवती तीन फुटांचा सिमेंटचा पट्टा बाहेरच्या उताराने घातला. भेग तेथेच थांबली आहे. मी ती बुजवली नाही, विद्यार्थी आले की दाखवतो. भांडी धुतलेले सोड्याचे पाणी मात्र केळीला घालू नये. ते वेगळ्या तोंडाने काढावे.

जमिनीनंतर ऊन. जावयाच्या शेडमध्ये जानेवारीत पाच अंश असत, आणि तो अर्क आंबत ठेवलेल्या बुधल्याला विजेचा पट्टा गुंडाळून यीस्टला ऊब देत असे. आपल्याकडे हा प्रश्न उलटा होतो. नेहमीच्या एल जातीच्या बिअरचे यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असते, लागर जातीचे त्याहून बरेच खाली. ताप वाढला की ते भराभर काम उरकते, पण मागे डोके दुखवणारी जड मद्ये आणि उग्र वास सोडते. शिवाय आंबताना द्रव स्वतःही तापतो. खोलीपेक्षा तीन ते पाच अंश वर जातो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हातल्या टिनाच्या शेडचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. अर्क गार करण्यासाठी जिच्यातून पाणी खेळवतात, ती तांब्याची नळीही तेव्हा थकते. टाकीतले पाणीच ३५ अंशांचे असेल, तर त्याने अर्क ३५ च्या खाली कसा जाणार?

यावर बांधणीतून जेवढे करता येते, तेवढे आधी करावे, आणि वीज नंतर आणावी. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आखूड भिंतींवरच पडते. पश्चिमेच्या भिंतीत खिडकी नको. तेथे गुरांचा कोठा किंवा लाकडांची रास आली तर उत्तम. छपराला टिन घ्यावेच लागले, तर त्यावर दर होळीनंतर चुना मारावा आणि खाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आतले छत करावे. मधली हवा वाहती राहील अशी दोन्ही टोके उघडी ठेवावीत. माझे मत विचाराल तर कवेलू अजूनही टिनापेक्षा बरे, फक्त माकडांनी ते राहू दिले पाहिजे. जवळच दत्तापूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराने घडवलेल्या मातीच्या शंकूसारख्या नळ्या एकमेकींत अडकवून कमानीचे छप्पर करण्याची रीत रुजवली; ज्यांना सवड आहे त्यांनी ती जरूर पाहावी. पोकळ मातीच्या नळ्यांतली हवा ऊन अडवते, आणि लोखंड जवळजवळ लागतच नाही.

कूलरबद्दल लोक फार विचारतात. वाळ्याचा कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगला चालतो. बाहेर ४४ असताना माझ्या शेडमध्ये ३० च्या आसपास राहते. मात्र मृग बरसला की हवेतच पाणी असते, कूलर नुसता दमटपणा वाढवतो आणि भिंतीला बुरशी आणतो. वातानुकूलन यंत्र घेऊन अख्खे शेड गार करणारेही आहेत. मला तो पैशाचा अपव्यय वाटतो. खोली गार करण्याऐवजी कपाट गार करावे: एक जुना फ्रीज घ्यावा, त्याला बाहेरून तापमान नियंत्रक जोडावा, आणि बुधला त्यात ठेवावा. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने सांगितलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष, म्हणजे विटांच्या दुहेरी भिंती आणि मधल्या फटीत ओली वाळू, हा भाजी टिकवायला छानच आहे, आणि अर्क गार करायचे पाणी आदल्या दिवशी थंड करून ठेवायलाही तो कामाला येतो. बुधला मात्र त्यात ठेवू नये, त्यातल्या ओलीत झाकणावर बुरशी धरते.

वाफ आणि वायू यांविषयी थोडे सांगतो, कारण येथे चूक झाली तर ती भिंतीच्या भेगेसारखी दाखवायला उरत नाही. उकळताना तासाला तीन-चार लिटर पाणी वाफ होऊन उडते, ते टिनाला लागून थेंब होऊन पुन्हा पातेल्यात पडते, गंज आणि कोळ्याच्या जाळ्यासह. शिवाय बंद खोलीत गॅसची मोठी शेगडी जळली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून उकळण्याचे काम उत्तरेच्या पडवीतच करावे. आंबण्याच्या वायूची गोष्ट निराळी आहे. तेवीस लिटरच्या घाण्यातून काही दिवसांत चारशे लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसतो. आपल्या आजोबांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते: धान्याचे जमिनीतले पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे, आधी दिवा सोडून पाहत, कारण कोंडलेल्या धान्याच्या श्वासाने पेवात हाच वायू भरलेला असतो. चार बुधले ठेवलेले बंद शेड हेही लहानसे पेवच समजावे. झरोका फक्त छपराजवळ ठेवून भागत नाही. फरशीपासून वीतभर उंचीवर समोरासमोर दोन जाळीदार मोकळ्या जागा हव्यात.

विजेचे थोडक्यात आटोपतो. उकळायला दोन-तीन किलोवॅटचा हिटर वापरायचा असेल, तर घरातून लोंबती वायर आणू नये. सोळा अँपिअरची वेगळी लाइन, पक्के अर्थिंग आणि गळती पकडणारा तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर यांवाचून ओल्या फरशीवर उभे राहू नये.

आता माझ्या सांदवाडीतल्या दहा बाय बारा फुटांच्या शेडमध्ये मी काय करतो? बिअरच्या वाटेवर दोन तृतीयांश अंतर चालून मी थांबतो. जवाचे आणि ज्वारीचे माल्ट करतो, त्याचा गोड अर्क काढतो, आले-लिंबू घालून उकळतो, गरम असतानाच बाटल्यांत भरतो, फ्रीजमध्ये ठेवतो आणि तीन दिवसांत संपवतो. उघडा ठेवला, तर आपल्याकडच्या उन्हात तो स्वतःच्या मनाने पुढचे एक तृतीयांश अंतर चालू लागेल. ज्वारीच्या माल्टबाबत एक दक्षता घ्यावी. कोवळी ज्वारी खाऊन गुरे मरतात हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेच सायनाइडचे विष मोडांत आणि मुळ्यांतही असते, म्हणून वाळवल्यानंतर ते चोळून, पाखडून पूर्णपणे काढून टाकावेत, आणि ते गुरांपुढेही टाकू नयेत. अर्काचा चोथा मात्र त्याच दिवशी गुरांना घालता येतो. दुसऱ्या दिवशी तो आंबलेला असतो. थंडीत गाजर-बिटाची कांजी लावतो, तिला मोहरी, मीठ आणि चार-पाच दिवस एवढेच लागते, आणि तेव्हा कूलर, फ्रीज काहीच लागत नाही.

कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे की, पुन्हा बांधायचे झाले तर काय बदलाल. शोषखड्ड्याचे सांगून झालेच आहे. दुसरे म्हणजे दार. मी सर्वांना आधी मोरी, मग पाया, मग छप्पर आणि शेवटी भांडी असे सांगत आलो, आणि त्या शिस्तीत दार अडीच फुटांचे बसवून मोकळा झालो. नंतर जुना मोठा फ्रीज आणला, तो दोन बोटांच्या फरकाने चौकटीतून आत जाईना. शेवटी फ्रीजचे दार बिजागऱ्यांसकट काढून, त्याला आडवा करून आत घेतला आणि आत पुन्हा दार लावले. तो आता बिघडला आहे आणि तेथेच आहे.