बोट उचलू न देणारा खेळ

[दृश्य: शिरोली एमआयडीसी. फर्स्ट शिफ्ट सुटते. गेटबाहेर चहाचा गाडा.]

एका पोराच्या नखांत अजून फौंड्रीची काळी वाळू आहे, आणि हातात मोबाईल आलाय. त्यावर चाकं फिरवायचा पैशाचा खेळ. चहा उकळेस्तोवर डझनभर डाव उरकतात.

कोल्हापूरला जुगार नवा नाही. 1960 च्या दशकात मुंबईत सुरू झालेला मटका इथल्या टपऱ्यांवरही चालला. पण मटक्यात ओपन, म्हणजे पहिला आकडा आला, की क्लोजची, म्हणजे दुसऱ्या आकड्याची वाट बघायला लागायची. तेवढ्यात माणूस घरी जायचा, जेवायचा, डोकं थंड व्हायचं. मोबाईलवरच्या खेळानं हा मधला वेळच काढून टाकलाय, आणि तोही ठरवून.

[दृश्य: मोबाईलचा क्लोजअप. डेमो खेळ, खोटी नाणी. वेग पाव पट.]

आता हे नीट बघा. पहिलं चाक थांबलं, सात. दुसरं, सात. तिसरं रेंगाळतंय, आवाज चढत चाललाय. सात येतो... आणि एक घर खाली सरकतो.

[पडद्यामागचा आवाज: "आयला, जरासं हुकलं!"]

हुकलं काहीच नाही. बटण दाबलं त्याच क्षणी प्रोग्रॅमनं निकाल काढलेला असतो. चाकं फिरतात ती फक्त आपल्याला दाखवायला. ही युक्ती मोबाईलवरच्या खेळांच्याही आधीची. 1984 साली इंगे टेलनेस यांनी स्लॉट मशीनसाठी, म्हणजे चाकं फिरवायच्या जुगाराच्या यंत्रासाठी, एक पेटंट घेतलं. चाकावर घरं दिसतात वीस-बावीस, पण आतल्या चिपमध्ये ती कितीतरी जास्त, आणि कुठल्या घराला किती वाटा द्यायचा हे बनवणाऱ्याच्या हातात. मोठ्या बक्षिसाच्या शेजारच्या रिकाम्या घरांना वाटा वाढवला, की 'थोडक्यात गेलं' पुन्हा पुन्हा दिसतं.

2009 साली संशोधक ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांनी अशा वेळी मेंदूचे स्कॅन घेतले. थोडक्यात हुकलेलं कुणाला आवडत नाही. तरी जिंकल्यावर मेंदूतले जे भाग जागे होतात, त्यातले काही तेव्हाही जागे होतात, आणि अजून एकदा खेळावंसं वाटतं. हे त्या पोराचं कच्चेपण नव्हे. तुमचा-आमचा मेंदूही असाच आहे.

[दृश्य: त्याच पडद्यावर नाण्यांचा पाऊस. कोपऱ्यातल्या आकड्यावर झूम.]

कोपऱ्यातला आकडा वाचा. लावले 20, परत आले 8. बारा गेले आणि वाजंत्री वाजली! कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये खेळणाऱ्यांच्या हाताच्या घामावरून मोजलं: असं हरणं शरीराला जिंकण्यासारखंच वाटतं.

बाकी खरा विजय कधी येईल याचा नेम नसतो, आणि तोच तर गळ आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर हे दाखवलं. दाणा कितव्या टोचीला पडेल हे कळेनासं झालं, की कबूतर टोचायचं थांबत नाही.

[दृश्य: गुजरी. सराफाच्या काट्यावर पाटल्या.]

पगार संपतो, लोन ॲप येतं, मग घरातलं सोनं इथं येतं.

[दृश्य: बिंदू चौक, संध्याकाळ. रिक्षा स्टॉपवर मोबाईलमध्ये वाकलेल्या माना.]

ब्रिटनच्या जुगार नियामकानं दोष यंत्रात शोधला. 2021 पासून तिथं ऑनलाइन स्लॉटचा डाव अडीच सेकंदांहून जलद चालवता येत नाही, ऑटोप्ले, म्हणजे डाव आपोआप चालू राहणं, बंद आहे, आणि लावल्यापेक्षा कमी परत आलं तर वाजंत्री वाजवायला मनाई आहे. आपल्याकडं ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे घरोघरी कळायला पाहिजे, कारण भीतीनं पोरं बोलत नाहीत.

[पडद्यावर: 14416]

टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.