बलकाचा दोष किती?

अंडं फुटलं. हा पांढरा भाग, आणि मधोमध हा पिवळा बलक. एका मोठ्या अंड्यात साधारण १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, आणि ते सगळं या बलकात. या एका आकड्याच्या धास्तीनं कित्येकांनी वर्षानुवर्षं बलक फेकून दिला.

ही धास्ती आली सशांपासून. १९१३ साली रशियात निकोलाय आनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर साचले. प्रयोग चोख होता. पण ससा पडला शाकाहारी. त्याच्या रोजच्या खाण्यात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, मग ते अचानक आलं तर त्याचं शरीर करणार काय?

तरी १९६८मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं सांगितलं, आठवड्याला जास्तीत जास्त ३ बलक.

आपलं शरीर वेगळं चालतं. अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. खाण्यातून जास्त आलं, की बहुतेकांच्या शरीरात ही निर्मिती कमी होते. एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवण्यात खरा हात असतो संपृक्त चरबीचा. ती अंड्यात दीड ग्रॅमच्या आसपास. तेच अंडं तळताना मोठा चमचाभर लोणी सोडलं, तर त्यातून सुमारे ७ ग्रॅम येते!

१९९१मध्ये एका ८८ वर्षांच्या आजोबांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रोज सुमारे २५ अंडी, तीही अनेक वर्षं. कोलेस्टेरॉल मात्र आटोक्यात. तपासणीत दिसलं, की त्यांचं आतडं त्यातलं फार थोडं शोषत होतं, आणि शरीर जास्तीच्या कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल, म्हणजे चरबी पचवायला मदत करणारं पित्तातलं आम्ल, करून टाकत होतं.

त्यांचं पाहून कुणी २५ अंडी खाऊ नयेत, ही कळकळीची विनंती. असं शरीर सगळ्यांना मिळत नाही. काहींचं एलडीएल बलकानं स्पष्ट वाढतं. काहींना जास्त कोलेस्टेरॉल आईवडिलांकडूनच आलेलं असतं.

निरोगी माणसांत रोज एका अंड्यापर्यंत हृदयविकाराचा धोका वाढलेला बहुतेक मोठ्या पाहण्यांत दिसला नाही. २०१९च्या एका अमेरिकी अभ्यासात मात्र थोडी वाढ दिसली. मधुमेह असलेल्यांबाबतचे निष्कर्ष तर आजही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून मधुमेह असेल, किंवा एलडीएल आधीच वाढलेलं असेल, तर आठवड्याला किती बलक चालतील हे रक्ताचा अहवाल समोर ठेवून डॉक्टरांनाच विचारा.