कारवानीला रान लागतं

मंडळी, विषय ठरलाय ‘घरात छोटं कुत्रं पाळावं की शिकारी जातीचं?’ त्याचं उत्तर देतोच, पण आधी माझ्या कुत्रीचं, बिजलीचं सांगू द्या.

माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तिथं श्वानांचंही प्रदर्शन भरतं. तिथंच मी पहिल्यांदा कारवानी, म्हणजे आपली देशी शिकारी जातीची कुत्री, डोळे भरून पाहिली. लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला टेकलेलं. शेजारच्या मावशी हळहळल्या, “अगं बाई, हिला भाकर देतात का नाही?” हसू नका, शहरातली शिकलेली माणसं आजही हेच विचारतात. अहो, पळणाऱ्या जनावराचं अंग असंच असतं! आपल्या लातूरकडे, जानवळच्या बाजूला, ही जात पिढ्यान्‌पिढ्या जपलीय. कानाशेपटीला लांब केस असले की पश्मी म्हणायचं. 2005 साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यातला मुधोळ याच गोतातला.

तर तीन महिन्यांची बिजली, कारवानीचं पिल्लू, मी लातुरात आणली. भाड्याच्या दोन खोल्या, खाली रस्ता. सहा महिन्यांत तिनं दार ओरबाडलं, गादी फाडली. मी तिच्यावर ओरडायचो. चूक माझी होती, हे कळायला एक ससा लागला. गावाबाहेर फिरवत होतो, तुरीतून ससा उठला. पट्ट्याची दोरी हातातून कधी गेली, कळलंच नाही. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. वासावर चालणारं कुत्रं निराळं. हे नजरेनं शिकार करणारं, समोर काही पळालं की त्याचे कान बंद होतात. शिकवणीनं थोडाफार फरक पडतो, पण ती ओढ जात नाही.

दोन रात्री आम्ही जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, सापडली. पंजा फाटलेला, तिथल्या सालगड्यानं दुधात भाकर कुस्करून घातलेली. तो म्हणाला, “मालक, हिला रान द्या. खोलीत कोंडून जनावर येडं होतंय.” त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. बिजली थोरल्या भावाच्या आखाड्यावर गेली, कुंपणाच्या आत अकरा वर्षं पळाली. आता पश्मी मोबाईलवर फोटो टाकायला घेतात आणि गॅलरीत बांधतात. हे पाहिलं की मला रात्री झोप लागत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

कारवानी घ्यायची तर कुंपण घातलेली मोकळी जागा हवी आणि सकाळ-संध्याकाळ तिला पळवणारा माणूस हवा. सशा-हरणामागं मुद्दाम सोडू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार गुन्हा आहे. रोज पळायला मिळालं की घरात ती शांत असते, दिवसभर लोळते, पण परक्यानं अंगाला हात लावलेला तिला खपत नाही.

दोन खोल्या आणि घरात म्हातारी माणसं असतील तर छोटं कुत्रं घ्या. त्यात कमीपणा नाही. मात्र पग घेताना आपला मे महिना आठवा. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, आणि पगचं नाक चपटं. बेचाळीस अंशांत त्याला दुपारी बाहेर काढणं म्हणजे जिवाशी खेळ. उन्हाळ्यात दिवस उगवायच्या आत फिरवून आणा. ल्हासा अप्सो हे लांब केसांचं छोटं कुत्रं तिबेटच्या थंडीतलं, त्याचे केस आपल्या उन्हाळ्यात आखूड ठेवा. पॉमेरियन म्हणून आपल्याकडं बहुतेक देशी स्पिट्झच मिळतो. तो उन्हाला बरा टिकतो, पण भुंकतो फार, भिंतीपलीकडच्यांना आधी विचारा. पिल्लू लहान लेकराच्या हातात देऊ नका, उंचावरून पडलं की पाय मोडतो. पार्वोची (पिल्लांच्या जुलाब-उलट्यांच्या जीवघेण्या रोगाची) आणि रेबीजची लस मात्र दोघांनाही सारखीच, ती चुकवायची नाही.

पुढच्या रांगेतले दादा मघाशी म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर राहतो पण मन पश्मीवर आहे. दादा, गावाकडं तुमचा आखाडा आहे का? रोज तिथं जाणं होतं का? नसेल तर यंदा माळेगावला या. प्रदर्शनात आपण दोघं पोटभर पश्मी पाहू, मी दरवर्षी तिथं असतो.